मोटारगाडीचा प्रारंभ व त्यातील दोषशोधन

मोटारगाडीचा प्रारंभ व त्यातील दोषशोधन : मोटारगाडीचे एंजिन चालू स्थितीत आणण्याच्या कृतीस प्रारंभ आणि ते चालू होत नसल्यास त्याचे कारण क्रमाने हुडकून काढण्याच्या कृतीस प्रारंभाचे दोषशोधन म्हणतात. वाफेच्या एंजिनात झडप उघडताच वाफेच्या दाबाने दट्ट्या सरकू लागतो. विजेच्या चलित्रात प्रवाह सोडताच ते फिरू लागते. अंतर्ज्वलन-एंजिनाचे तसे नाही. इंधन व हवा यांचे मिश्रण आत ओढून घेणे, ते दाबणे व पेटविणे ही कामे एंजिन फिरत असतानाच होऊ शकतात, म्हणून ते प्रथम बाहेरच्या शक्तीने फिरवावे लागते. पेट्रोल एंजिनाच्या प्रारंभास चार गोष्टी लागतात : पुरेशा वेगाने फिरणे, योग्य प्रमाणातील मिश्रण, पुरेसे संपीडन व योग्य क्षणी ठिणगी. गाडी चालू होत नाही तेव्हा यांपैकी निदान एक गोष्ट उणी असते. हे तत्त्व पहिल्या मोटारीपासून आजतागायत तसेच आहे. बदलत गेली ती दोषाची जागा, आणि तिच्याबरोबर तो दोष कोणी शोधावयाचा हेही बदलत गेले.

कार्ल बेंट्‌स यांनी १८८६ मध्ये एकस्व घेतलेल्या तीनचाकी गाडीचे एंजिन मागील बाजूस असलेले मोठे आडवे प्रचक्र हातांनी फिरवून चालू करीत. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंट्‌स यांनी दोन मुलांसह मॅनहाइम ते फोर्ट्‌सहाइम हा सु. १०० किमी. प्रवास अशाच एका गाडीतून केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि प्रज्वलनाच्या तारेचे आवरण झिजले तेथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले ते व्हीस्लोख येथील औषधांच्या दुकानातून विकत घेतले. रस्त्यावरील दोषशोधनाची ही पहिली नोंद होय. इंधन येते का व ठिणगी पडते का, हे दोन प्रश्न तीत आधीच आलेले आहेत. त्याच काळातील डाइमलर व मायबाख यांच्या एंजिनात ठिणगीऐवजी तापवून लाल केलेली नळी मिश्रण पेटवी. ती ज्योतीवर तापेपर्यंत काही मिनिटे वाट पाहावी लागे व पेट्रोलाच्या सान्निध्यात उघडी ज्योत ठेवण्याचा धोका पत्करावा लागे. मराठीत रूढ झालेल्या ‘शोफर’ या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘आग पेटविणारा’ असा आहे. मोटार हाकणे हे त्याचे दुय्यम काम होते, असेच म्हणावे लागेल.

हँडलचा काळ : १९०० नंतर गाडीच्या तोंडाशी हँडल घालून भुजादंड फिरविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. हे काम शक्तीइतकेच सावधगिरीचे होते. ठिणगी वेळेआधी पडली, तर वर चढणारा दट्ट्या उलट ढकलला जाई आणि हँडल उलट दिशेने सुटून हातावर बसे. त्यामुळे मनगटाजवळील बहिःप्रकोष्ठास्थीच्या टोकाचा जो विशिष्ट अस्थिभंग होई, त्याला शल्यचिकित्सेत आजही शोफरचा अस्थिभंग म्हणतात. म्हणून ठिणगीची तरफ प्रथम मागे घ्यावयाची, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा आणि हँडल खाली दाबावयाचे नाही, तर खालून वर ओढावयाचे, असे चालकास शिकवीत. अंगठा हँडलभोवती वळलेला असला, तर उलट्या झटक्याच्या वेळी हात सुटत नसे.

या पद्धतीचा एक लाभ मात्र होता. हँडल मारणाऱ्याला एंजिनाची प्रकृती हातानेच कळे. अर्ध्या फेऱ्यागणिक हाताला रोध जाणवला, तर संपीडन ठीक. एखाद्या ठिकाणी हँडल सैल फिरले, तर त्या सिलिंडराची झडप नीट बसत नाही किंवा दट्ट्याची कडी झिजली आहे. मुळीच फिरत नसेल, तर एंजिन अडकले आहे. रॉबर्ट बोश यांच्या कारखान्यात १९०२ मध्ये गॉटलोप होनोल्ट यांनी तयार केलेल्या उच्च दाबाच्या मॅग्नेटोमुळे ठिणगीसाठी घटमालेची आवश्यकताही राहिली नाही. अशा गाडीत बिघडण्यासारखे भाग थोडे असत व ते बहुतेक डोळ्यांना दिसत.

हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारी येऊ लागल्या. मुंबईबाहेर त्या प्रथम पोहोचल्या त्या मुख्यतः संस्थानिकांकडे. दक्षिण महाराष्ट्रात सांगली, मिरज, जमखंडी, औंध, कोल्हापूर अशी लहानमोठी संस्थाने जवळजवळ होती. पागेच्या शेजारी मोटारखाना आला आणि शोफर व त्याच्या हाताखालचा क्लीनर हे दोघेच गाडीचे चालकही असत व दुरुस्तीकारही. सुटे भाग समुद्रमार्गे येत असल्याने मोडलेला भाग लोहाराकडून वा सोनाराकडून घडवून घेणे, हा दुरुस्तीचा नेहमीचा मार्ग असे.

या भागात एंजिनाची ओळख केवळ मोटारीमुळे झाली नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी येथे कारखाना निघाला व लोखंडी नांगर आणि पंप तेथून शेतात गेले. पुढे सातारा येथे धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल एंजिने होऊ लागली. कोल्हापूरचे उद्यमनगर ऑइल एंजिनांसाठी नावाजले. कृष्णा-वारणेच्या काठी उसाला पाणी देणारा शेतकरी विहिरीवरचे ऑइल एंजिन हँडलने चालू करीत असे. त्यातील युक्ती मोटारीहून निराळी आहे : प्रथम एका तरफेने झडप उघडी ठेवून संपीडन घालवावयाचे, जड प्रचक्राला हँडलने पुरेसा वेग द्यावयाचा आणि मग तरफ सोडावयाची. हवा एकाएकी दाबली जाऊन तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेट घेते. पुढे या परिसरात जे मेस्त्री व फिटर तयार झाले, त्यांतील अनेकांचा हात अशा एंजिनावर बसलेला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि प्रवासी मोटारी कोळशाच्या वायूवर चालविण्याची पाळी आली. गाडीच्या मागे वा बाजूस लोखंडी भट्टी बसवीत. तीत लोणारी कोळसा पेटवून हाताने फिरविण्याच्या पंख्याने वारा घालावा लागे व ज्वलनशील वायू पुरेसा निघू लागल्यावरच एंजिन फिरवीत. बिघाडांचे एक नवेच प्रकरण यामुळे उघडले. ओला कोळसा, राखेने तुंबलेली जाळी, गाळणीत साचलेले डांबर, नळ्यांच्या सांध्यांतून आत शिरणारी हवा यांपैकी कोणत्याही कारणाने पहाटेची गाडी उन्हे वर येईपर्यंत स्थानकातच उभी राही. युद्ध संपल्यावर या भट्ट्या नाहीशा झाल्या. त्यांच्याविषयी कोणी हळहळले असेल, असे वाटत नाही.

विद्युत् आरंभक : हँडलला पर्याय शोधण्याचे श्रेय अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांना दिले जाते. रोकड नोंदविण्याच्या यंत्रासाठी त्यांनी पूर्वी एक लहान चलित्र बनविले होते. जे चलित्र काही क्षणच फिरवावयाचे, त्यावर त्याच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, हे त्यांनी ओळखले. त्यांचा आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर बसविण्यात आला. फोर्ड यांच्या टी प्रतिमानाला तो १९१९ पासून मिळू लागला. गाडी चालविण्यास आता दंडातील बळ लागेनासे झाले आणि स्त्रियांचे मोटार चालविणे वाढण्यास त्याचे साहाय्य झाले. मात्र आरंभकाबरोबर घटमाला अपरिहार्य झाली. केटरिंग यांनीच प्रचारात आणलेल्या घटमाला-वेटोळे पद्धतीत ठिणगीही तिच्यावरच अवलंबून असते. पूर्वी घटमालेवाचून चालणारी गाडी तिच्यावाचून जागची हलेनाशी झाली, आणि आजही मोटार चालू न होण्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण घटमालेची क्षीणता हेच आहे.

या नव्या यंत्रणेचे ज्ञान केवळ हाताच्या सवयीने मिळणारे नव्हते. त्यासाठी विद्युत् शास्त्राची तोंडओळख लागे. सांगली व मिरज यांच्या दरम्यान असलेल्या विश्रामबाग येथे १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी न्यू एंजिनिअरिंग कॉलेज स्थापन केले. सांगली त्या वेळी संस्थानच होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. १९५५ मध्ये या महाविद्यालयास सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचे नाव देण्यात आले. मोटारीच्या इतिहासात हे नाव योगायोगाने येत नाही. हिंदुस्थानात मोटारी तयार व्हाव्यात यासाठी वालचंद यांनी विश्वेश्वरय्या यांच्याबरोबर १९३० नंतरच्या दशकात खटपट केली होती. १९४४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली व १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५० नंतरच्या दशकात तीच कंपनी फियाट गाड्या काढू लागली. त्यांपैकी फियाट ११०० ही गाडी किरकोळ फेरफारांनिशी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत होती. मुंबईच्या रस्त्यांवरील या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कारागिरांच्या शिक्षणासाठी केंद्र शासनाची प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिक हा अभ्यासक्रम शिकविला जाऊ लागला. तथापि सांगली-मिरज रस्त्यावरील काय किंवा अन्यत्र काय, बहुसंख्य मेस्त्री गॅरेजमध्ये पोरवयात पाने हाती देण्यापासूनच शिकले.

फियाट व अँबॅसडर यांसारख्या गाड्यांचे दोषशोधन ठरलेल्या क्रमाने होई. त्याची रीत पाहण्यासारखी आहे, कारण तीत उपकरणांपेक्षा निरीक्षणावर भर असे. पहिला प्रश्न, आरंभक एंजिन फिरवितो का? फिरवीत नसेल, तर पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावयाची. दिवे एकदम मंद झाले, तर घटमाला उतरली आहे, टोकांचे सांधे मळले आहेत किंवा क्वचित आरंभक जाम झाला आहे. दिवे तसेच प्रखर राहिले, तर प्रवाह आरंभकापर्यंत पोहोचतच नाही व दोष स्विचमध्ये, तारेत किंवा जोडणीत आहे. आरंभक १०० ते २०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. दिव्यांना पुरेल एवढा प्रवाह मळलेल्या सांध्यातूनही जातो. आरंभकाला तो पुरत नाही. म्हणून ‘दिवे लागतात, अर्थी बॅटरी चांगली आहे’ हा अनेकांचा समज चुकीचा ठरतो. घटमालेच्या टोकांवर साचणारी पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन टोके घासली व वर पेट्रोलियम जेली लावली, की कित्येक गाड्या आणखी काही न करता चालू होत. घटातील अम्लाची घनता मापकाने पाहत. पूर्ण भारित घटात ती १·२५ ते १·२८ भरते आणि १·१२ च्या आसपास आली, तर घट रिता झाला असे समजतात.

एंजिन फिरते पण पेटत नाही, अशा वेळी मेस्त्रीच्या भाषेत दोनच प्रश्न उरतात : करंट येतो का आणि पेट्रोल येते का? पहिल्यासाठी एका ठिणगी-गुडदीची, म्हणजे प्लगची, तार काढून तिचे टोक एंजिनाच्या धातूपासून थोड्या अंतरावर धरीत व हँडल वा आरंभक फिरवीत. निळी, चटचटणारी ठिणगी पडली तर प्रज्वलन ठीक. पिवळी व अशक्त पडली तर वेटोळे, धारित्र किंवा संपर्कबिंदू यांवर संशय घ्यावयाचा. १२ व्होल्टचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो तो संपर्कबिंदू झटकन उघडल्यामुळे. या बिंदूंमधील फट साधारणतः ०·४ ते ०·५ मिमी. असावी लागते. बिंदू जळून खडबडीत झाले असतील, तर पॉलिश-कागदाने घासून मेस्त्री ते तात्पुरते साफ करी आणि फट मोजण्याची पाती जवळ नसल्यास पोस्टकार्डाच्या जाडीवर काम भागवी. ही सवय शास्त्रशुद्ध नव्हे. परंतु तिने घरी पोहोचविलेल्या गाड्या पुष्कळ असतील.

ऋतुमानाचा संबंधही येई. पावसाळ्यात ठिणगी वाटून देणाऱ्या वितरकाच्या टोपणात ओल धरे व वीज ठिणगी-गुडदीकडे जाण्याऐवजी ओलसर पृष्ठावरून वाहून जाई. टोपण उघडून कोरड्या फडक्याने पुसणे एवढाच त्यावर उपाय असे. उलट एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढून आलेली गाडी थोडा वेळ थांबविली, की पुन्हा चालू होत नसे. पंपात व नळीत पेट्रोलाची वाफ होऊन इंधनाचा ओघ तुटे. अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून थांबत. इंधन कमी पडण्याइतकेच जास्त होणेही बाधक असते. चोक ओढून पुनःपुन्हा आरंभक फिरविला, तर प्लग पेट्रोलने भिजतात. बोलीत याला गाडी ‘ओव्हरफ्लो झाली’ असे म्हणतात. चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून एंजिन काही क्षण फिरविल्यास जादा पेट्रोल निघून जाते. पेट्रोलचा दर्प आला की चोक आत, हा नियम त्यावरूनच पडला.

धक्का : आरंभक निकामी झाला तरी गाडी ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच एकदम सोडून चालू करता येते. चाकांची गती उलट मार्गाने एंजिनाकडे जाते. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. त्यानंतर गावोगाव पोहोचलेल्या एस. टी.ने हे तंत्र प्रवाशांनाही शिकविले. अशक्त आरंभकाची गाडी मुक्कामी उतारावर उभी करणे ही चालकांची नेहमीची दक्षता असे. डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो. तेथे बहुधा इंधनाच्या नळीत हवा शिरलेली असते. गाळणीजवळचा स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल चढवावयाचे आणि बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळावयाचा. यालाच ‘एअर काढणे’ म्हणतात.

इलेक्ट्रॉनिकी : डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी आली, तेव्हा तिच्यातही कार्ब्युरेटर होता व जुन्या मेस्त्रीचे ज्ञान तिला लागू पडत होते. २००० सालापासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटर, संपर्कबिंदू व चोक हे तिन्ही भाग थोड्याच वर्षांत मोटारीतून गेले. भुजादंडाची स्थिती एक संवेदक सांगतो, इंधन टाकीतील विजेचा पंप पुरवितो आणि ठिणगीचा क्षण संगणक ठरवितो. प्लगची तार हातात धरून ठिणगी पाहण्याची जुनी रीत येथे चालत नाही. तीत संगणकाचे नुकसान होते व विजेचा दाब अधिक असल्याने धोकाही आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना दोषसंकेत साठविणारी समान पद्धती सक्तीची झाली. भारतात ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. सर्वसाधारण मेस्त्रीच्या दृष्टीने हा बदल हँडल जाण्यापेक्षाही मोठा होता. दोषसंकेत वाचण्याचे यंत्र विकत घेणे ज्याला परवडले, तो टिकला. इतरांपैकी कित्येक दुचाकींकडे वा ट्रॅक्टरांकडे वळले. मात्र दोषसंकेत हा दोष नव्हे. भुजादंड-संवेदकाचा संकेत आला म्हणून संवेदकच बदलावा असे नाही. उंदराने कुरतडलेली तारही तोच संकेत देते. किल्लीतील चकती ओळखली गेली नाही, तर एंजिन फिरूनही पेटत नाही, आणि हा दोष एंजिनात शोधून सापडत नाही. काही जुन्या परीक्षा येथेही उपयोगी पडतात : किल्ली फिरविताच टाकीतील पंपाची दोन-तीन सेकंद होणारी घरघर ऐकू आली नाही, तर प्रथम त्याचा फ्यूज पाहतात. धक्का मारणे मात्र आता वर्ज्य मानले जाते, कारण न जळालेले पेट्रोल धूरनळीतील उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन तो निकामी होतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत धक्क्याचा उपयोगही होत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत चालू करावयाचे एंजिनच नसते; तरी तिच्यातील १२ व्होल्टची लहान साहाय्यक घटमाला उतरली, तर मोठी घटमाला भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

पुरात बुडालेली गाडी : वर सांगितलेल्या सर्व बाबतींत पहिली कृती किल्ली फिरवून पाहणे ही असते. एक बाब अशी आहे, की जीत हीच कृती विनाशक ठरते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराच्या सखल भागांतील असंख्य वाहने कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. २००५ व २०२१ मध्येही शहराने पूर पाहिला. बुडालेल्या गाडीच्या सिलिंडरांत पाणी शिरलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे आरंभकाने एंजिन फिरविताच वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि संयोगदांडा वाकतो किंवा एंजिनाचे कवच फुटते. जी गाडी काही हजार रुपयांच्या सफाईने वाचली असती, तिचे एंजिन एका किल्लीसरशी निकामी होते. म्हणून पाणी ओसरताच घटमालेची ऋण तार काढावी, गाडी ओढून न्यावी आणि तेल मोजण्याची कांडी पाहावी. तिच्यावरील तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. ते सर्व तेल काढून, नवे तेल घालून व एंजिन थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे लागते. हवेची गाळणी, टाकीतील इंधन व तारांच्या जोडण्या यांची सफाई त्यानंतर येते. त्याआधी सर्व प्लग, किंवा डिझेल गाडीत इंधनाचे फवारे, काढून भुजादंडाच्या कप्पीच्या बोल्टवर पाना घालून एंजिन हातानेच सावकाश फिरवितात. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडतात. त्या थांबेपर्यंत व एंजिन दोन पूर्ण फेरे कोठेही न अडकता फिरेपर्यंत आरंभकाला हात लावीत नाहीत.